दाजीच्या कानातली घंटा

आधीच सांगून टाकतो. यातलं किती मला खरंच आठवतंय आणि किती मी इतक्या वर्षांत सांगून सांगून पक्कं केलंय, याची मला खात्री नाही. घरचे म्हणतात, तुमचे किस्से दर खेपेला थोडे लांब होतात. होत असतील. एक किस्सा कुठेतरी कोपऱ्यात ठेवावा, तर काही दिवसांनी त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसलेला असतो. आवरायला घ्यावं तर सगळेच अंगावर येतात.

मागच्या महिन्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, त्यातही ध्वनी हा माझा विषय. तरी आवाज बाहेरून आला की माझ्या कानातला आहे, हे ठरवताना मला घाम फुटला. दोनदा उगीचच बटण दाबलं, असं मला वाटतं. कदाचित तीनदा.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "आजोबा, कानात येतो तो आवाज कसा आहे? शिट्टीसारखा, रातकिड्यासारखा, की घंटेसारखा?"

घंटा म्हटल्याबरोबर मला दाजी आठवला आणि मी हसलो. बाई हसल्या नाहीत. पुढच्या वेळी मुलाला बरोबर घेऊन या, म्हणाल्या.

*

दाजी म्हणजे आमच्या लाँचचा ड्रायव्हर. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा व्हायचा होता, आम्ही सगळे रत्नागिरीचेच. मालवणच्या दक्षिणेला आमची खाडी, आणि खाडीवर पूल नव्हता. मी नुकताच एम.एस्सी. होऊन पलीकडच्या हायस्कुलात लागलो होतो. सकाळी लाँचने जायचं, संध्याकाळी लाँचने यायचं.

त्या लाँचवर आम्ही चौघं कायमचे. सुकाणूवर बाबी तांडेल. खाली इंजिनाच्या खड्ड्यात दाजी. माशांची टोपली घेऊन पलीकडच्या बाजाराला जाणारी जानकी, जी तिकीट काढायची पण बसायची मालकिणीसारखी. आणि मी, ज्याला तिघेही 'मास्तरानू' म्हणायचे आणि ज्याचं तिघेही फारसं ऐकायचे नाहीत.

दाजीला खड्ड्यातून बाहेरचं काहीच दिसत नसे. सुकाणूजवळ एक दोरी होती. बाबीने ती ओढली की दाजीच्या डोक्यावर टांगलेली पितळी घंटा वाजायची. एक टोला म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे. सगळी लाँच त्या घंटेवर चालायची.

दाजीची उमेदीची वर्षं मोठ्या जहाजांच्या इंजिनखोलीत गेली होती. घरी परतला तो इंजिनापाशीच बसायला. त्याला इंजिनाशिवाय करमत नसे. लग्न उशिरा झालं होतं, मी सांगतोय त्या दिवसांत त्याला एक लहान मुलगी होती, नुकती बोलायला लागलेली. तिचं नाव तारा. ती आज काय बोलली हे आम्हाला रोज सकाळी ऐकावं लागे.

*

एका सकाळी भर खाडीत इंजिन थांबलं. ओहोटी लागलेली, लाँच समुद्राकडे सरकायला लागली. बाबी खड्ड्यात वाकला.

"काय झाला रे?"

"काय व्हता? दोन घंटा दिलंस, थांबलंय."

"मी घंटा देवक नाय."

"मगे कोणी दिली?"

बाबीने एक टोला दिला. इंजिन सुरू. थोडं पुढे गेलो तर पुन्हा बंद. मग लाँच मागे जायला लागली, तेव्हा मात्र जानकीने टोपलीवरचा हात काढला.

"अरे दाजी, माझे बांगडे बाजारात विकूचे आसत. तू तेंका परत दर्यात सोडूक निघालंस काय?"

पॅसेंजरांत एक म्हातारे गृहस्थ होते, धामापूरला भगवतीच्या दर्शनाला निघालेले. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "देवीची घंटा असतली. सगळ्यांका ऐकाक येणा नाय."

"मगे देवीक सांगा," जानकी म्हणाली, "बाजार उठल्यार वाजव म्हणान."

कसेबसे धक्क्याला लागलो. दाजी वर आला तो दोन्ही तळव्यांनी कान दाबत. "माझ्या कानात घंटा वाजतत," तो म्हणाला. "इंजिन बंद केलंय तरी वाजतत. घराक गेलंय तरी वाजतत."

जानकीने टोपली डोक्यावर घेतली. गप्प राहणं तिला जमत नसे. जाता जाता म्हणाली, "बरा तरी आसा. माझ्या कानात सासू वाजता."

*

मग उपचार सुरू झाले. उपचार म्हणजे ज्याला जे सुचेल ते दाजीच्या कानात.

जानकीने मोरीच्या लिव्हरचं तेल आणलं. मोरी म्हणजे लहान जातीचा शार्क. त्या तेलाच्या वासाने दाजीच्या कानातल्या घंटा थांबल्या नाहीत, पण त्याच्याजवळ कोणी बसेना. बाबीने लसूण घालून कढवलेलं खोबरेल सुचवलं. धक्क्यावरच्या चहावाल्याने कांद्याचा रस. कोणीतरी हळद म्हणालं. दाजी कोणाला नाही म्हणत नसे. प्रत्येकाला वाटायचं आपलाच उपाय चालू आहे.

शेवटी मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. आमचे डॉक्टर मुंबईत शिकून मुद्दाम गावी परतलेले, बोलायला तिरकस पण हाताला हलके. त्यांनी कपाळावरचा आरसा खाली ओढला आणि दाजीच्या कानात बघत राहिले.

"लसूण," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कांदा." मग दुसऱ्या कानात, "ही हळद का? दाजी, मीठ तेवढं राहिलं."

"ता पण सांगितल्यानी, डाक्टरानू. माका पटाक नाय."

डॉक्टरांनी दोन खेपांत कान धुऊन साफ केले. मग बजावलं, "कानात तेल घालायचं नाही. काडी, पीस, हेअरपीन, काही घालायचं नाही. आणि उपाय सांगणाऱ्यांचं ऐकायचं नाही."

"मगे तुमचा?"

"माझं ऐका. बाकीच्यांना सांगा, डॉक्टर चिडतात."

कान साफ झाले. घंटा वाजतच होत्या. उलट दाजी म्हणाला, मधला कांदा गेल्यामुळे आता जास्त चांगल्या ऐकू येतात.

*

पुढची तपासणी करायला डॉक्टरांना ट्यूनिंग फोर्क हवा होता. त्यांचा हरवलेला. तो शाळेच्या प्रयोगशाळेत होता, म्हणून मी नेला. वैद्यकशास्त्रात माझा एवढाच सहभाग, तरी त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

डॉक्टरांनी फोर्क गुडघ्यावर आपटून दाजीच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. "कुठल्या बाजूला जास्त ऐकू येतं?"

दाजीने डोळे मिटले. मग म्हणाला, "डाक्टरानू, हो आवाज बरो आसा. पण माझ्या घंटेपुढे काय नाय."

डॉक्टरांनी फोर्क कानामागच्या हाडावर ठेवला, कानासमोर धरला, पुन्हा पुन्हा तेच केलं. मग हात धुतले आणि खुर्ची ओढून समोर बसले. तिरकस माणूस सरळ बोलायला लागला की भीती वाटते.

"हा आवाज जाणार नाही, दाजी. त्याच्याबरोबर राहायचं. तो काही करत नाही, नुसता वाजतो. पण तुमचं ऐकणं कमी व्हायला लागलंय. इंजिनाच्या आवाजाने आतल्या नसा मरतात, आणि मेलेल्या परत येत नाहीत. असंच बसलात, तर काही वर्षांनी घंटाच तेवढी राहील. बाकी काही ऐकू येणार नाही."

"माझ्या चेडवाचा, ताराचा बोलणा?"

डॉक्टर आणखी पुढे झुकले. म्हणाले, "इंजिन सोडा."

"इंजिन सोडून मी काय करू? खातलंय काय?"

"मग कान झाका. इंजिनाचा आवाज आत जाता कामा नये."

दाजीने विचार केला. "डाक्टरानू, तुमी सांगितलास, कानात काय घालूचा नाय. आता सांगतास, कान बंद ठेवूचे. कशान?"

डॉक्टर पहिल्यांदाच अडखळले. मग त्यांनी दाखवलं. सावरीचा कापूस मधाच्या पोळ्याच्या मेणात भिजवायचा, त्याचे गोळे करायचे, कानाच्या तोंडावर बसवायचे. आत कोंबायचे नाहीत. रोज ताजे. इंजिन बंद झालं की काढायचे आणि कानांना विश्रांती द्यायची.

आम्ही परत निघालो. धक्क्यापर्यंत दाजी कानांवर तळवे धरून, काढून बघत होता. तिथे पोचल्यावर म्हणाला, "मास्तरानू, कान बंद केलंय तर बाबीची घंटा कशी ऐकतलंय?"

ते खरंच होतं. कान उघडे ठेवावे तर कान जाणार. बंद ठेवावे तर घंटा ऐकू येणार नाही, म्हणजे नोकरी जाणार. मी त्यावर दोन दिवस विचार केला. दिवे, आरसे, एक नळी, असं बरंच काही कागदावर काढलं. काढलेलं बाबीला दाखवलं. त्याने कागद उलटा धरून बघितला आणि आदराने परत दिला.

*

मध्येच एक सांगायचं राहिलं. दाजीची सासुरवाडी दोडामार्गाकडे, डोंगरात, सुपारीच्या बागेत. मेव्हणीच्या लग्नाला तो चार दिवसांसाठी म्हणून गेला आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी परत आला. डोळे लाल.

"थय काय आवाजच नाय," तो म्हणाला. "समुद्र नाय, वारो नाय, इंजिन नाय. आडवो झालंय आणि कानात जत्रा सुरू झाली. सगळी देवळा एकदम."

अंथरूण उचलून तो बागेत गेला आणि सुपारीला पाणी सोडतात त्या पाटाच्या कडेला झोपला. पाण्याच्या खळखळीत घंटा बुडल्या आणि त्याला छान झोप लागली. सकाळी सासूबाई बघतात तर जावई घराबाहेर, मातीत. लग्नघरात कालवा झाला, की जावई रुसले. काय कमी पडलं म्हणून सगळे हात जोडायला लागले. मामेसासऱ्यांनी स्वतःची चांदीची मूठ असलेली काठी देऊ केली.

"मगे घेतलंस काय काठी?" जानकीने विचारलं.

"घेवक नाय. मी सांगितलंय, माका काय नको, माझ्या कानात घंटा वाजतत. तर म्हणतत, खुळो झालो. मगे मी इलंय."

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, बरोबर केलंत. झोपताना बारीक, मऊ आवाज जवळ असू द्यावा, एकदम शांततेत झोपू नये. आज माझ्या उशाशी मुलाने एक छोटं यंत्र ठेवलंय, त्यातून लाटांचा आवाज येतो. बराच महाग असावं. दाजी समुद्राच्या अंगाची खिडकी उघडी ठेवून झोपायचा.

*

कानाचा तिढा सुटला तो जानकीच्या तोंडामुळे.

त्या दिवशी दाजीने मेणाचे गोळे घालून बघितले होते. बाबीने थांबण्याचे दोन टोले दिले, दाजीला ऐकू आले नाहीत आणि लाँच धक्क्यावर आपटली. जानकीची टोपली उलटली. ती मासे वेचत ओरडली, "तांडेला, घंटा कित्याक वाजवतंस? बकऱ्यासारखी तेच्या पायाक दोरी बांध आणि ओढ!"

सगळे हसले. बाबी हसला नाही. बाबी फावल्या वेळात गरी टाकून मासे पकडायचा. त्या वेळी दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून आरामात पडून राहायचा. मासा लागला की अंगठ्याला कळतं, डोळे उघडे लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी घंटेची दोरी लांबवून खाली खड्ड्यात सोडलेली होती, आणि तिच्या टोकाचा फास दाजीच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात होता. एक हिसका पुढे, दोन थांब, तीन मागे. दाजीच्या कानांत मेण, चेहऱ्यावर शांती. लाँच धक्क्याला अशी लागली की जानकीच्या टोपलीतली सुरमई हललीसुद्धा नाही.

दोरी ओढली की वरची घंटाही वाजायचीच, आणि ती बरोबर दाजीच्या डोक्यावर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जवळचा कर्कश आवाज वाईट. म्हणून बाबीने घंटेच्या आतला लोळा काढून टाकला. पितळेचा चांगला वजनदार लोळा. टाकून कशाला द्यायचा, म्हणून त्याने तो गरीच्या दोरीला शिशाच्या वजनाच्या जागी बांधला. पहिल्याच दिवशी एक मोठा तांबोसा मासा गरी, दोरी आणि लोळा सगळं घेऊन गेला.

"गेली घंटा," बाबी म्हणाला. "आता मासळीक विचारून चलवूची लाँच."

*

नव्या व्यवस्थेत एकच घोटाळा झाला. ती दोरी डेकच्या कडेने कड्यांतून खाली गेलेली होती. बाजाराच्या दिवशी एक नवखा माणूस बकरी घेऊन चढला. त्याला दोरी दिसली. बकरी बांधायला सोयीची वाटली.

लाँच निघाली. थांबली. निघाली. मागे गेली. पुन्हा थांबली. बाबी सुकाणू सोडून उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवायला लागला, की बघा, मी काही करत नाही. बकरीला जानकीच्या टोपलीखालचा केळीचा पाला हवा होता. जानकी टोपली मागे घेई, बकरी मान ओढी, लाँच मागे जाई.

शेवटी मालकाने बकरी सोडली. पलीकडे पोचल्यावर दाजी घाम पुसत वर आला, कानातले गोळे काढले आणि बाबीच्या पाठीवर थाप मारली.

"आज खुशीत होतंस काय रे? असो पटापट हुकूम कधी देवक नाय."

*

आता हेडमास्तर. आमचे हेडमास्तर शिस्तीचे. सगळ्यांनी आपल्यासाठी थांबावं, अशी त्यांची अपेक्षा असे.

दाजीचं बघून बाबीनेही मेणाचे गोळे घालायला सुरुवात केली होती. डॉक्टर म्हणाले, चांगलंच आहे, तुम्हीही इंजिनापासून चार हातांवरच असता. मग जानकीने दोन गोळे मागून घेतले. बाबीने विचारलं, तुका कित्याक? ती म्हणाली, तुमचा बोलणा ऐकाक नको म्हणान. काळजी करणं हा माझा स्वभाव, त्यामुळे मीही घातले.

त्या संध्याकाळी लाँच सुटली. आम्ही चौघं छान शांततेत, आपापल्या विचारात. धक्क्यावर हेडमास्तर छत्री हलवत काहीतरी म्हणत होते. बाबीला वाटलं, निरोप देतायत. त्याने हात हलवला. जानकीने हलवला. मीही हलवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. "मी अर्धी खाडी ऐकू जाईल एवढ्या आवाजात हाका मारत होतो. आणि आपण मला टाटा करत होता."

मी समजावायला गेलो आणि समजावताना कानाच्या आरोग्यावर बोललो. ती माझी सवय. त्याने ते शांत झाले नाहीत. त्यांनी बंदर खात्याला तक्रार केली, की या लाँचवरच्या ड्रायव्हरला ऐकू येत नाही आणि प्रवाशांच्या जिवाला धोका आहे.

*

त्या काळी बंदर खात्याचं काम चोख असे. काही दिवसांतच निरोप आला, इन्स्पेक्टरसाहेब स्वतः येऊन ड्रायव्हरची आणि घंटेची तपासणी करणार. ड्रायव्हरला घंटा ऐकू येत नसेल तर परवाना रद्द.

दाजीने तो निरोप माझ्याकडून वाचून घेतला. मग म्हणाला, "गोळे काढून बसतंय. घंटा ऐकतंय. काय व्हयात ता होऊ दे."

"घंटा खंय आसा?" बाबी म्हणाला.

लोळा तांबोशाच्या पोटात, तांबोसा समुद्रात. मालवणात तसा दुसरा लोळा मिळेना. लोहाराने एक करून दिला, तो घंटेपेक्षा जाड निघाला, हलेचना. घंटेच्या जागी वाजवायला जानकी घरचं पितळी पातेलं द्यायला निघाली होती. मी म्हटलं, खरं काय ते सांगू या, शास्त्रीय कारण देऊ. तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललो नाही.

साहेब आले. उंच, करड्या मिशा, कडक इस्त्री. खूप मोठ्याने बोलायचे. दुसऱ्याने काही सांगितलं की मान वाकडी करून "काय?" म्हणायचे, ते पुन्हा सांगावं लागे. सरकारी अधिकाऱ्याला एकदा सांगून पुरत नाही, असं आम्हाला तेव्हा वाटलं.

दाजी खाली जाऊन बसला. अंगठ्यात फास, कानात गोळे. शेवटच्या क्षणी त्याचा विचार बदलला होता. जाता जाता मला म्हणाला, "नोकरी गेली तर जाऊ दे. पण जाताना कान घेऊन जातलंय."

लाँच खाडीच्या मध्यावर आली. बाबीने दोरी धरली होती. साहेबांनी त्याला बाजूला केलं. "मी वाजवतो."

जानकीने डोळे मिटून घेतले. बाबी आभाळाकडे बघायला लागला. साहेबांनी दोरी दोनदा ओढली. घंटा दोनदा हलली. पोकळ पितळ, आत काही नाही. आवाज शून्य.

इंजिन थांबलं.

साहेब मान वाकडी करून घंटेकडे बघत राहिले. मग एकदा ओढली. लाँच पुढे. तीनदा. लाँच मागे. त्यांनी पुन्हा पुन्हा करून बघितलं, आणि दाजी एकदाही चुकला नाही.

साहेब खिशातून रुमाल काढून मिशा पुसत म्हणाले, "ड्रायव्हर उत्तम आहे. आणि घंटा तर फारच छान. इतका स्वच्छ आवाज या किनाऱ्यावरच्या एकाही लाँचवर मी ऐकलेला नाही."

बाबीने माझ्याकडे बघितलं, मी जानकीकडे. शेवटी जानकी म्हणाली, "होय तर, सायबानू. अगदी देवळातली."

"काय?"

"देवळातली!"

"बरोबर," साहेब म्हणाले. मग ते खड्ड्यात उतरले. दाजीच्या कानातले गोळे त्यांनी बघितले, आणि त्याच्या अंगठ्यातली दोरीही बघितली असणार, कारण ती ओलांडूनच त्यांना परत यावं लागलं. दाजीच्या खांद्यावर हात ठेवून ते त्याच्या कानाशी ओरडले, "कान सांभाळा!"

धक्क्यावर उतरून गेले ते गेले. नंतर कधी काही आलं नाही.

खाडीवर पूल होईपर्यंत या गोष्टीवर वाद चालला. जानकी म्हणायची, देवमाणूस, सगळं कळून गप्प राहिला. बाबी म्हणायचा, तसं काही नाही, साहेबाला चूक काढायची लाज वाटली. मी दोन्ही बाजूंनी बोलायचो आणि दोघेही चिडायचे. मग पूल झाला. लाँच बंद पडली. बाबी गेला, जानकी गेली. तोवर मी गाव सोडून पुण्याला आलो होतो.

दाजीला शेवटचं बघितलं ते मालवणच्या बाजारात, टेलिफोन बूथमध्ये. तारा लग्न होऊन लांब गेली होती. त्याने रिसीव्हर कानाला लावलेला, समुद्राकडे पाठ केलेली, आणि ती काय बोलतेय ते तो बूथवाल्याला मोठ्याने सांगत होता. एक वाक्य तिचं, एक त्याचं. मी बाहेर उभा राहून दोघांचंही ऐकलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुण्यात माझ्या एका व्याख्यानानंतर एक बाई भेटायला आल्या. विषय कानांचाच होता. म्हणाल्या, माझे वडील बंदर खात्यात इन्स्पेक्टर होते, काही वर्षं मालवणला. मी वर्षं विचारली. मिशा विचारल्या. तेच होते.

"खात्यात यायच्या आधी बाबा युद्धात होते, तोफखान्यात," त्या म्हणाल्या. "दोन्ही कान तिथेच गेले. नोकरीत कुणाला कळू दिलं नाही. ओठांवरून बोलणं ओळखायचे."

"अजिबात ऐकू येत नव्हतं?" मी विचारलं.

"बाहेरचं जवळजवळ काहीच नाही. पण कानात दिवसभर घंटा वाजायच्या. फार स्वच्छ आवाजाच्या, म्हणायचे."